गोरखीचा गवई बेटावर

"अंदमानला? असा काय गुन्हा केलात, मास्तर?"

गोरखीच्या दरवाज्यात आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनी हा प्रश्न केला, तेव्हा माझ्या हातात औषधांची पिशवी होती आणि तोंडाने उत्तर देण्याची मला मनाई होती. मी नुसता हसलो आणि गळ्याकडे बोट दाखवले. त्यांना वाटले, मी फाशीची खूण करतो आहे. ते बिचारे गंभीर झाले.

त्यांचा तरी काय दोष? आपल्या जुन्या मराठी घरांतून प्रवास म्हणजे काशी, रामेश्वर, पंढरपूर. फार तर पुण्याचे लग्न किंवा कोकणातले कुलदैवत. अंदमान हा शब्द आपल्याकडे काळ्या पाण्यासाठीच राखून ठेवलेला. तिथे कुणी स्वखुशीने जातो, समुद्रकाठच्या बांबूच्या झोपडीत पैसे मोजून राहतो आणि परत येऊन "बरे वाटले" म्हणतो, हे सांगितले तर ऐकणारा आपल्या डोक्याकडे पाहू लागतो. म्हणून सारी हकीकत लिहूनच काढावी असे ठरवले.

प्रथम कारण सांगतो. आमच्या घरात गाणे तीन पिढ्यांचे. आजोबा दरबारात गात. 1946 साली सोळाव्या वर्षी वडीलही त्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसू लागले. दोनच वर्षांत मध्यभारत झाला आणि दरबाराची चाकरी संपल्यासारखीच झाली. "दरबार गेला, दरबारी राहिला," असे वडील हसत म्हणत. मात्र ते हसू घरचा जमाखर्च लिहिताना कधी दिसले नाही. पुढे त्यांनी शाळेत संगीत शिकवले, देवघरातल्या उत्सवांत सेवा केली. मी त्यांना उतारवयात झालो. त्यांच्या मागे शिकवण्या माझ्याकडे आल्या. आज मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि गेली वीस वर्षे दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत मुलांना गाणे शिकवतो. एकेका वर्गात वीस-बावीस मुले. एक बेसूर झाला की त्याच्यावर मी गायचे, दहा बेसूर झाले की दहांवर गायचे.

मागच्या पावसाळ्यात तार षड्जाच्या वर आवाज फाटू लागला. दिवाळीपर्यंत बोलणेही घोगरे झाले. डॉक्टरांनी घशात नळी घालून समोरच्या पडद्यावर माझ्याच स्वरतंतू मला दाखवल्या. दोन्ही बाजूंना बारीक बारीक गाठी. ओरडून बोलणारे फेरीवाले, शिक्षक आणि गवई यांना हा विकार होतो असे कळले. मी यांपैकी दोन होतो, आणि पद्धत तिसऱ्याची! "दोन आठवडे पूर्ण मौन. नंतर हळूहळू आवाजाचा व्यायाम. तेवढ्याने गाठी विरल्या तर उत्तम, नाहीतर शस्त्रक्रियेचा विचार करू," असे डॉक्टर म्हणाले.

गवयाने शस्त्रक्रियेचे नाव ऐकले की त्याला काय वाटते ते दुसऱ्याला सांगून कळायचे नाही. सोनाराने हाताच्या बोटांविषयी ऐकावे तसे ते असते. घर या गळ्यावर चालते. त्या रात्री मी शिकवणीची वही काढून, गाणे बंद झाले तर फक्त पेटी शिकवून किती मिळतील याचा हिशेब मांडला. आकडा पाहून वही मिटली.

सौ. म्हणाली, "तुम्ही घरी राहिलात तर मौन होणार नाही. खिडकीखालून कुणी बेसूर गेला तरी तुम्ही इथून दुरुस्त कराल." खरे होते. तेव्हा जिथे कुणी गात नाही अशा जागी जायचे ठरले. जागा शोधली कन्येने, आपल्या मोबाइलवर.

आता ग्वाल्हेर आणि समुद्र यांचा संबंध काय, असे कुणी विचारील. आपल्या शहरापासून समुद्र कोठूनही शेकडो कोस दूर. पण संबंध अगदीच नाही असे नाही. ज्या आंग्र्यांनी कोकणचा किनारा गाजवला, त्यांच्या वंशातले सरदार घराणे इथे ग्वाल्हेरीत नांदले. 1900 साली चीनच्या मोहिमेसाठी माधवराव महाराजांनी स्वखर्चाने रुग्णालयाचे जहाज दिले, त्याचे नावच 'ग्वाल्हेर' होते. पहिल्या महायुद्धात महाराजांनी आणखी एक मोठे जहाज घेतले आणि जखमी सैनिकांसाठी सज्ज करून त्याचे नाव 'लॉयल्टी' ठेवले. युद्ध संपल्यावर ते सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे गेले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा या कंपनीच्या स्थापनेत मोठा वाटा. 5 एप्रिल 1919 रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाले, आणि म्हणूनच 5 एप्रिल हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. कंपनीचे नाव शिंद्यांचे, जहाज ग्वाल्हेरचे. बाड्यावर उभा असलेला किती जणांना हे ठाऊक आहे?

असो. तानसेन समारोह आटोपल्यावर जानेवारीत आम्ही तिघे निघालो. ग्वाल्हेरला धुके इतके, की समोरचा फलाट दिसत नव्हता. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसने चेन्नई, आणि तिथून विमानाने सुमारे दोन तासांत पोर्ट ब्लेअर. 2024 पासून या शहराचे अधिकृत नाव श्रीविजयपुरम् आहे. ज्यांना घाई नाही त्यांना चेन्नईहून बोटही मिळते, ती अडीच-तीन दिवस घेते. माझ्या गळ्यात पाटी होती. शिकवणीतली, खडूने लिहायची. विमानातल्या मुलीने पाणी विचारले तेव्हा मी "थोडे कोमट" असे पाटीवर लिहून दाखवले. तिने अत्यंत आदराने आणून दिले. तोंडाने मागितले असते तर मिळाले असते की नाही कोण जाणे!

तुरुंग पाहिल्यावाचून पुढे जायचे नाही असे मनात होते. 1896 ते 1906 या काळात बांधलेला तो सेल्युलर जेल. मधल्या मनोऱ्यापासून सात बाजूंना सात भुजा, 693 कोठड्या. त्यांतल्या तीनच भुजा आज उभ्या आहेत. रचना अशी, की एका कोठडीच्या दारासमोर दुसऱ्या भुजेची पाठ यावी आणि कैद्याने कैद्याचे तोंड पाहू नये. सावरकर बंधू एकाच तुरुंगात असून बराच काळ एकमेकांना भेटू शकले नाहीत, हे आपण लहानपणापासून वाचलेले. पण त्या भिंतींमध्ये उभे राहिल्यावर वाचलेले वेगळे आणि उमगलेले वेगळे असे वाटते. मी औषध म्हणून मौन घेतले होते. इथे ते शिक्षा म्हणून वाटले जाई. पाटीवर लिहिण्यासारखे मला काही सुचले नाही.

या बेटांवर पहिले दोनशे कैदी आले ते मार्च 1858 मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये झाशीच्या राणीने आपल्या ग्वाल्हेरात देह ठेवला. आम्ही ज्या बेटावर राहणार होतो त्याचे नाव तर हॅवलॉक. 1857 च्या जुलैत कानपूरला नानासाहेबांच्या फौजेचा पराभव केला तो हा हेन्री हॅवलॉक. शेजारच्या बेटाला नाव दिले होते नीलचे. अलाहाबाद-कानपूरकडे त्याने केलेले अत्याचार इतिहासात नोंदलेले आहेत. सुभाषबाबूंनी 30 डिसेंबर 1943 रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकावला. या बेटांना त्यांनी शहीद आणि स्वराज अशी नावे सुचवली होती. त्याची आठवण म्हणून 2018 साली नीलचे शहीद द्वीप आणि हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले. तिथली माणसे बोलताना अजून हॅवलॉकच म्हणतात, जसे आपण सरकारी कागदावर काहीही असले तरी लश्करच म्हणतो.

सरकारी बोटीने अडीच तासांत बेट आले. गावांची नावे ऐकून सौ.ला घरी आल्यासारखे झाले: गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर, विजयनगर. पूर्व बंगालातून फाळणीनंतर उखडलेल्या कुटुंबांना 1950 च्या दशकात इथे आणून जमिनी दिल्या. बरोबर आणता आले नाही ते त्यांनी नावांत आणले. किनाऱ्यांना मात्र नावाऐवजी आकडे आहेत: तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर. गवयाला सातापर्यंतचे आकडे केव्हाही आपलेच वाटतात.

आमचा मुक्काम पाच नंबरजवळ, एका बंगाली कुटुंबाच्या वाडीत. नारळी-पोफळीच्या झाडांत पाच झोपड्या. जमिनीपासून हातभर उंच खांबांवर लाकडी तक्तपोशी, विणलेल्या बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर धानी पत्तीचे छप्पर. ही धानी पत्ती खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या एका बुटक्या ताडाची पाने. ती दुमडून, काठीला ओवून एकावर एक रचतात. आत एक पलंग, एक मच्छरदाणी, एक पंखा, एक बल्ब. मागे न्हाणीघर, बादली आणि तांब्या. पुढे चार हातांची पडवी आणि पडवीपासून साठ पावलांवर समुद्र. कुलूप होते, पण तट्ट्यातून पलीकडचे नारळाचे झाड दिसत होते. सौ.ने दागिने आणले नाहीत याचे समाधान व्यक्त केले.

पहिल्या रात्री मला झोप आली नाही. आमचे घर दगडी, भिंती हात-दीड हात जाडीच्या. तिथे बाहेरचे जग बाहेर असते. इथे वारा भिंतीतून आत येई आणि दुसऱ्या भिंतीतून निघून जाई. मी मनात म्हणालो, गोरखीतला माणूस, झोपडीत येऊन पडला! मालक रात्री कंदील ठेवायला आले तेव्हा, आपल्या या 'बंगल्यात' काही कमी-जास्त असेल तर सांगा, असे म्हणाले. मला वाटले, थट्टा करतात. दुसऱ्या दिवशी प्रकाश पडला. बंगला शब्द मुळात आहेच बंगालचा. सतराव्या शतकात हुगळीकडे आलेल्या इंग्रजांनी तिथली गवताने शाकारलेली, बसकी घरे पाहिली आणि तशीच आपल्यासाठी बांधून त्यांना त्या देशाचे नाव दिले. पुढे त्याच शब्दाला विटा लागल्या, कमानी लागल्या, बाग आणि माळी लागला. कलेक्टराचा बंगला, रेसिडेंटाचा बंगला असे करीत तो आपल्या मराठीत येऊन मोठा मानाचा झाला. पण मूळचा, अस्सल, घराणेदार बंगला म्हणाल तर तो मी भाड्याने घेतला होता तो! त्यानंतर मला चांगली झोप लागू लागली.

मौनात दिवस फार मोठा होतो. तिथे तर तो लवकरही उगवतो. पहिल्या पहाटे उजाडलेले पाहून मी घड्याळ पाहिले, तर पाच-वीस. सूर्यबिंब पावणेसहाच्या आतच समुद्रातून वर आले. ग्वाल्हेरला त्या दिवसांत सूर्य सातनंतर उगवतो. आणि संध्याकाळी पाच वाजून पाच-सात मिनिटांनी तिथला सूर्य मावळतोही. मला प्रथम हे विचित्र वाटले, मग वाळूत काडीने गणित मांडले. आपली सबंध देशाची वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरून ठरते. ग्वाल्हेर त्याच्या पश्चिमेला अठ्ठ्याहत्तरच्या थोडे पुढे, बेट पूर्वेला त्र्याण्णवावर. एका रेखांशाला चार मिनिटे, म्हणजे दोन गावांत जवळजवळ एक तासाचा फरक. शिवाय थंडीत उत्तरेकडचा दिवस आखूड असतो, त्याचा पहाटेचा जवळजवळ अर्धा तास आणखी वाढला. म्हणून सकाळी दीड तास आणि संध्याकाळी अर्धाच.

वाचक म्हणतील, मास्तर भूगोल कशाला शिकवता? कारण हा आमच्या धंद्याचा प्रश्न आहे. 1918 साली माधव संगीत विद्यालय सुरू झाले तेव्हा पंडित भातखंडे यांनी जी पद्धत ग्वाल्हेरात रुजवली, तिच्यात रागांच्या वेळांना मोठे स्थान. कोमल ऋषभ आणि शुद्ध गंधार घेणारे राग संधिप्रकाशाचे. त्यात शुद्ध मध्यम प्रबळ असला तर बहुधा सकाळ, तीव्र असला तर संध्याकाळ. भैरव, रामकली तिकडे, पूर्वी, मारवा इकडे. आम्ही मास्तर मंडळी हे मुलांना वहीत चार ते सात असे आकडे घालून लिहून देतो. वर्षानुवर्षे पाचच्या वर्गाला मी बाड्यावरच्या घड्याळाकडे पाहून राग निवडत आलो. मेमध्ये पाच वाजता आपल्याकडे ऊन रणरणत असते, तरी वहीत पाच म्हणजे पाच!

बेटावर वहीचा उपयोग नव्हता. पाच नंबरचा किनारा पूर्वेकडचा, तिथे सूर्य उगवतो. सात नंबर, म्हणजे राधानगर, पश्चिमेकडे. तिथे मावळतो. सकाळी इकडे बसावे, संध्याकाळी गाडीने तिकडे जावे, की दोन्ही संधिप्रकाश एकाच बेटावर पुरे. राधानगरच्या वाळूमागे उंच दाट झाडी आहे, तीत एका मोठ्या झाडाला तिथले लोक समुद्री महुआ म्हणतात. आपल्या शिवपुरीकडच्या महुआचा तो लांबचा भाऊबंद. त्या झाडीत अंधार आधी होतो आणि पाणी मागून काळे पडते. मधली ती पंधरा-वीस मिनिटे मी पाहिली तेव्हा गाता येत नसल्यामुळे मारवा मनातल्या मनात म्हटला. षड्जावर यावेसे वाटते आणि येता येत नाही, ही त्या रागाची तगमग वडिलांनी मला शंभरदा सांगितली असेल. त्या दिवशी ती सांगावी लागली नाही.

समुद्राला लय असते असे कवी म्हणतात. मी मौनात रिकामा होतो, म्हणून बोटांवर मात्रा धरून लाटा मोजल्या. लय नसते. एक लाट नऊ मात्रांनी येते, पुढची बारा, त्यापुढची सातच. सातवी लाट मोठी असते हेही खरे ठरले नाही. भरती-ओहोटी मात्र हिशेबाची पक्की. दिवसातून दोनदा, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा. ओहोटीला पाच नंबरचे पाणी इतके मागे जाते की फर्लांगभर खडक उघडे पडतात. म्हणजे मोठे आवर्तन नेमके आणि आतले सगळे मोकळे. आमच्या जुन्या ग्वाल्हेरी विलंबितात हेच सांगतात. समेवर चूक नको, मधे श्वास कोंडू नको.

आठव्या दिवसाची गोष्ट. संध्याकाळी वाडीच्या मागून खोल वाजू लागला. मातीच्या अंगाचा, दोन तोंडांचा तो बंगाली मृदंग. मालकांच्या घरी कीर्तन होते. जिथे कुणी गात नाही तिथे जायचे म्हणून आम्ही आलो होतो, पण आता उठून जाणे बरे दिसले नसते. अंगणात पंधरा-वीस माणसे, करताल, एक फाटक्या भात्याची पेटी. मध्यभागी मालकांची आई. सगळे तिला ठाकुमा म्हणत. सहा वर्षांची असताना ती आईबापांबरोबर कलकत्त्याहून बोटीने या बेटावर आली. तेव्हा इथे जंगल होते आणि तंबू होते, असे तिने हिंदीत सांगितले. या बेटांवर आपसातली भाषा हिंदीच.

मी गवई आहे हे कन्येने सांगून टाकलेच होते. ठाकुमा म्हणाली, "गाओ." मी पाटीवर लिहिले, डॉक्टरांनी मना केले आहे. नातवाने ते वाचून दाखवले. म्हातारीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मग ऐका. ऐकायला तर कुणी मना केले नाही ना?"

ती गाऊ लागली. आवाज पिकलेला, वरचे दोन सूर पार गेलेले. पद वर चढे, ती त्या दोन सुरांपाशी येई आणि सरळ थांबे. हात वर करी, आणि तेवढा भाग अंगणातली माणसे गात. कुणी सुरात, कुणी जरा बाजूने. मग पद खाली उतरले की ती पुन्हा उचलून घेई. चेहऱ्यावर संकोच नाही, खंत नाही. कुणाच्या बेसुराला तिने झाकले नाही आणि आपल्या नसलेल्या सुरांसाठी गळा ताणला नाही. दुसऱ्या फेरीला ते बाजूने गाणारे आपोआप जवळ आलेले मी माझ्या कानांनी ऐकले.

माझ्या गाठी कशाच्या होत्या ते मला त्या अंगणात कळले. वीस वर्षे मी मुलांना थांबून ऐकलेच नव्हते. चूक कानावर आली की तिच्यावर आपला आवाज ओतायचा, हेच शिकवणे असे समजलो होतो. वडील असे करीत नसत. ते एकदा गाऊन दाखवीत आणि मग तंबोरा छेडीत डोळे मिटून बसत. आम्ही दहादा चुकलो तरी ते डोळे उघडत नसत. मला वाटे, म्हातारा डुलकी घेतो आहे.

जाताना मालकांनी पाटीवर माझे मत मागितले. ही त्यांची घरची अडचण होती. धाकट्या मुलाला झोपड्या पाडून सिमेंटच्या वातानुकूलित खोल्या बांधायच्या आहेत. त्याचे म्हणणे खोटे नाही. बेटावर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, धानी पत्ती काही वर्षांनी बदलावी लागते, ओवणारे हात कमी झाले, आणि पाहुणे थंडगार खोली मागतात. बाजूच्या जागा तशा झाल्याही आहेत. ठाकुमा म्हणते, आम्ही आलो तेव्हा याच पानांखाली राहिलो, एक तरी ठेवा. मी तिथे काय लिहिणार? आमच्याही घरी हाच वाद आहे. कन्या म्हणते, बाबा, पाऊण तासाचा ख्याल आता कोण ऐकतो, दहा मिनिटांत बसवा ना. अडीचशे वर्षांपूर्वी महादजींच्या मागे उत्तरेत आलेले आपण, आणि सत्तर वर्षांपूर्वी बोटीने आलेले ते. बरोबर आणलेले किती ठेवायचे आणि किती सोडायचे, हा हिशेब दोघांचाही चुकत-माकतच चालायचा. मी पाटीवर एवढेच लिहिले: "सगळ्या एकदम पाडू नका."

याच बेटावर राजन नावाचा एक हत्ती होता. लाकूडतोडीच्या कामासाठी आणलेला, बेटाबेटांमधून पोहत जाणारा. लाकूडतोड थांबली आणि त्याचे काम गेले. उतारवयात तो समुद्रात पोहे आणि लोक पाहायला येत. 2016 साली तो गेला. त्याची गोष्ट ऐकताना मला उगाच दरबार गेल्यानंतरचे वडील आठवले.

कुणाला जायचेच असेल तर चार गोष्टी सांगतो. पावसाळा दोन्ही बाजूंचा, म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत जावे. बोटीची तिकिटे आधी काढावीत. समुद्र खवळला की बोट रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस हाती ठेवावा. शाकाहारी माणसाला डाळ, भात, भाजी, केळी, नारळ मिळतात. पुरणपोळीची अपेक्षा ठेवू नये. वाळूत बारीक माश्या चावतात, अंगाला खोबरेल लावावे. या बेटांच्या आसपास खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, तेव्हा जिथे पहारेकरी उतरू देतात तिथेच उतरावे. पाटी लिहिलेली असेल तिथे शहाणपणा करू नये. 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीचा घाला निकोबारवर सर्वांत मोठा झाला, पण समुद्र एकच आहे हे तिथली माणसे विसरलेली नाहीत. गोडे पाणी पावसाचे असते, बादलीत भागवावे. आणि शंख-प्रवाळ उचलून आणू नयेत, कायद्याने मना आहे. आमच्या सासूबाईंनी देवघरासाठी शंख सांगितला होता. त्यांना तो बाड्यावरच्या दुकानातूनच आणून दिला आणि तसे सांगितलेही.

ज्यांना एवढा लांबचा पल्ला नको, त्यांनी आपल्या कोकणात तारकर्लीकडे जावे. तिथेही समुद्रकाठी साध्या खोल्या आणि घरगुती न्याहारी मिळते, शिवाय पाटीवर मराठीत लिहिता येते.

आता गळ्याविषयी, कारण लोक त्याचेच विचारतात. पंधराव्या दिवशी मी पहिला षड्ज लावला तो परतीच्या बोटीवर, इंजिनाच्या आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही असा. लागला. मार्चमध्ये डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. एका बाजूची गाठ विरली आहे, दुसरी लहान झाली आहे. शस्त्रक्रिया तूर्त टळली. तार पंचम अजून येत नाही. येईल की नाही ते डॉक्टरही सांगत नाहीत. वर्गात आता बारा मुले घेतो. उरलेल्यांना दुसरीकडे पाठवले, त्याने महिन्याची मिळकत कमी झाली आहे आणि सौ.ने दोन खर्च आवरले आहेत. पहिली दहा मिनिटे नुसता तंबोरा. मग मी एकदा गातो, आणि डोळे मिटून बसतो. परवा मागच्या रांगेतल्या एका पोराने कुजबुजून म्हटले, "सर सो गए क्या?" मी डोळे उघडले नाहीत.

गेल्या आठवड्यात ते गोरखीचे वृद्ध स्नेही पुन्हा भेटले. "भोगून आलात शिक्षा?" म्हणून मोठ्याने हसले. मग इकडेतिकडे पाहून, काठी बगलेत धरून, हळूच जवळ आले.

"मास्तर, त्या झोपडीत, म्हणजे आमच्या गुडघ्यांना चालेल असे, कमोड आहे का हो?"

आहे, म्हणून सांगितले. मालकांचा नंबरही लिहून दिला.